आईची केमोथेरपी आणि एकादशी

सांगोल्याहून बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात वा मुंबईच्या टाटा रुग्णालयात आईला केमोथेरपीसाठी नेणारे माळकरी आम्हांस विचारतात, "आई एकादशी सोडीना, काय करावं?" वाद घालू नये. उशाशी बसून हरिपाठ म्हणावा आणि पेजेची वाटी हाती द्यावी.

हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. तोंडाच्या अस्तरातील, केसांच्या मुळांतील व हाडांतील मज्जेच्या पेशीही तशाच. म्हणून तोंड येते, केस जातात, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. केस बहुधा पुन्हा उगवतात, त्याचे एवढे नाही. पांढऱ्या पेशी मात्र साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत तळ गाठतात. तेव्हा साधा जंतूही जिवावर उठतो. भेटीची मंडळी ओसरीवरच थांबवावीत, पडसे झालेला सख्खा भाऊ असला तरी! आपल्याकडचे डाळिंब धुऊन, घरीच सोलून द्यावे; तोंड आले असता झोंबते, मग राहू द्यावे.

ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक झाला, तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. मध्यरात्र असो की एकादशी, रुग्णालयाला फोन करावा आणि ते सांगतील त्या जवळच्या दवाखान्यात तिला त्याच घटकेस न्यावे.