संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन : दोष व्यक्तीचा की व्यवस्थेचा?

तयार मालातून सदोष नग वेगळे काढणे म्हणजे तपासणी, हे आपण जाणता. या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. तपासनीस सदोष नग बाजूला ठेवतो तोपर्यंत त्यावर कच्चा माल, वीज आणि श्रम खर्च होऊन गेलेले असतात. तपासणीमुळे मालाची निवड होते; चांगला माल निर्माण होत नाही. गुणवत्ता शेवटी शोधण्याऐवजी ती प्रक्रियेतच निर्माण करावी आणि ही जबाबदारी एका विभागाची न मानता खरेदीपासून विक्रीपर्यंत सर्वांची मानावी, या विचारसरणीस ‘संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन’ असे म्हणतात.

या विचाराचे मूळ संख्याशास्त्रात आहे. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. त्यांच्या विचारांनी प्रभावित झालेले डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमधील अभियंत्यांना आणि उद्योगप्रमुखांना व्याख्याने दिली. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशाने ती मनावर घेतली आणि १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू केले.

लाल मण्यांचा प्रयोग

डेमिंग आपल्या वर्गात एक प्रयोग करून दाखवीत. तो या घटकाचा गाभा असल्याने सावकाश वाचावा. एका पेटीत ३,२०० पांढरे व ८०० लाल मणी मिसळलेले असत. श्रोत्यांतून सहा ‘कामगार’ निवडले जात. प्रत्येकाने ५० खळगे असलेली फळी पेटीत बुडवून एका वेळी ५० मणी काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे सदोष. ‘फोरमन’ स्वतः डेमिंग. कामाची पद्धत ठरलेली, तीत बदल करण्यास सक्त मनाई.

समजा, पहिल्या दिवशी एकाच्या फळीवर ५ लाल मणी आले आणि दुसऱ्याच्या फळीवर १५. फोरमन पहिल्याचे कौतुक करतो, दुसऱ्याला ताकीद देतो. दुसऱ्या दिवशी पहिल्याचे १२ होतात. कौतुक डोक्यात गेले, असे फोरमन म्हणतो. दुसऱ्याचे ९ होतात. ताकीद लागू पडली, असे त्याला वाटते. पुढे ‘कामगिरी’ खालावलेल्यांना घरी पाठवले जाते. श्रोते हसत. परंतु ज्यांनी वार्षिक गोपनीय अहवालाची वाट पाहिली आहे, त्यांना हे हसू फार काळ टिकणार नाही हे कळेल.

आता हिशेब करू. पेटीत लाल मण्यांचे प्रमाण २० टक्के आहे, म्हणून ५० मण्यांत सरासरी १० लाल अपेक्षित. फळी कोणताही मणी सारख्याच संधीने उचलते असे धरल्यास प्रमाण विचलन ५० × ०.२ × ०.८ या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८ येते. त्याची तिप्पट सुमारे ८.५. ती १० मधून वजा केल्यास खालची नियंत्रण मर्यादा १.५ आणि १० मध्ये मिळवल्यास वरची १८.५ येते. याचा अर्थ, २ ते १८ यांमधील कोणताही आकडा त्या पेटीतूनच येतो, कामगाराच्या हातातून नव्हे. ५ आणि १५ यांत गुणवत्तेचा काहीही फरक नाही. लाल मणी कमी करायचे तर पेटीतला माल बदलावा लागेल. तो अधिकार कामगाराला नाही, व्यवस्थापनाला आहे.

सामान्य कारणे आणि विशेष कारणे

मर्यादांच्या आतील चढउतार ‘सामान्य कारणां’मुळे होतात, ती व्यवस्थेतच असतात. मर्यादेबाहेरचा आकडा ‘विशेष कारण’ सुचवतो : यंत्र बिघडले, माल बदलला, नवखा माणूस प्रशिक्षणाशिवाय कामाला लावला. दोहोंवरील उपाय वेगळे आहेत. सामान्य कारणाने झालेल्या चुकीबद्दल व्यक्तीला शिक्षा केली तर चूक तशीच राहते. माणूस मात्र दोष लपवायला शिकतो. डेमिंग यांच्या अंदाजाप्रमाणे ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात. हा मोजून काढलेला आकडा नव्हे. अनुभवातून बांधलेला अंदाज म्हणूनच तो लक्षात ठेवावा.

कार्यालयीन उदाहरण घ्या. दाखल्यासाठी येणारे अर्ज रोज अपुरे येतात आणि लिपिक ते परत करतो. अर्जदार निष्काळजी आहेत असे मानणे सोपे आहे. परंतु निरनिराळ्या लोकांची चूक एकाच रकान्यात होत असेल, तर त्या रकान्याची भाषा तपासली पाहिजे.

अंतर्गत ग्राहक व सातत्यपूर्ण सुधारणा

काओरू इशिकावा यांनी पुढच्या टप्प्यावर काम करणाऱ्यास ग्राहक मानण्याचा आग्रह धरला. यालाच ‘अंतर्गत ग्राहक’ म्हणतात. आपला सदोष माल पुढे ढकलायचा नाही, ही त्यामागील शिस्त. टोयोटाच्या जुळणीरेषेवर दोष दिसताच कामगार दोरी ओढून मदत मागतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर रेषा थांबते. दोष सांगणाऱ्याला संरक्षण नसेल, तर ती दोरी शोभेची ठरते. आपल्याकडील कित्येक सूचनापेट्यांचे तेच झाले आहे.

सुधारणेचा क्रम नियोजन, अंमलबजावणी, पडताळणी आणि त्यानुसार कृती असा चार पायऱ्यांचा आहे. प्रत्यक्षात पडताळणीची पायरी सर्वाधिक वगळली जाते, कारण तिच्यात आपलाच निर्णय चुकल्याचे दिसू शकते.

भारतीय उद्योगांनीही हा मार्ग स्वीकारला. सुंदरम क्लेटनच्या ब्रेक विभागाला १९९८ मध्ये आणि महिंद्र अँड महिंद्रच्या ट्रॅक्टर व्यवसायाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले. मात्र भिंतीवर गुणवत्तेचे फलक लावणे म्हणजे ही पद्धती नव्हे. कामगारांना उद्देशून दिलेल्या घोषणांना डेमिंग यांचा स्पष्ट विरोध होता.

कृती

आपल्या कामाच्या ठिकाणी रोज घडणारी एक चूक निवडा. वीस दिवस, दररोज ५० कामांपैकी किती सदोष झाली याची नोंद ठेवा. सरासरी काढा आणि वरील रीतीने दोन्ही मर्यादा ठरवा. खालची मर्यादा ऋण आल्यास शून्य धरा. मर्यादेबाहेर गेलेल्या दिवशी काय वेगळे घडले ते लिहा. या काळात त्या चुकीबद्दल कोणाला बोलणी खावी लागली असल्यास, त्या दिवशीचा आकडा मर्यादेच्या आत होता की बाहेर, हेही नोंदवा.