इंग्लंडचे प्रीमियम बाँड ठेवावेत का?

प्रश्न : इंग्लंडमधली नोकरी सोडून चार वर्षांपूर्वी कायमचा कोथरूडला परतलो. तिथले दहा हजार पौंडांचे प्रीमियम बाँड तसेच आहेत. ठेवू की मोडू? – एक वाचक, पुणे

उत्तर : माझं मत, मोडा. १९५६ साली ब्रिटिश सरकारने आणलेल्या या बाँडवर व्याज मिळत नाही, दरमहा सोडत निघते. मुद्दल सुरक्षित, पण महागाई ते कुरतडतेच. जाहीर होणारा बक्षिसाचा दर सरासरीचा. त्यात दहा लाख पौंडांची मोठी बक्षिसंही धरलेली. त्यामुळे बहुतेकांच्या पदरात त्याहून कमीच पडतं. तिथे बक्षीस करमुक्त, हे खरं. पण तुम्ही आता इथले रहिवासी. पंचवीस पौंड लागले तरी लॉटरीप्रमाणे ३० टक्के कर, वर सेस. हे मात्र कोणी सांगत नाही! बाँड बाळगायला परकीय चलन कायद्याची (फेमा) आडकाठी नाही, पण विवरणपत्रात परदेशी मालमत्ता म्हणून ते दाखवावेच लागतात, बक्षीस लागो न लागो.



मोडल्यावर पैसे तुमच्या नावाच्या ब्रिटिश बँक खात्यातच येतात. ते खातं आधी बंद करू नका.