बोरीवरचा भुंगेरा, मुळाशी हुमणी

वळवाच्या पहिल्या सरींनी जमीन ओलावली, की त्या संध्याकाळी बांधावरच्या बोरीपाशी थांबून पाहावे. अंधार पडू लागताच मातीतून तांबूस-तपकिरी भुंगेरे बाहेर पडतात आणि घोंघावत बोर, कडुनिंब, बाभूळ यांवर उतरतात. तेथेच त्यांचे मीलन होते व पाला कुरतडणेही चालते. उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरतात. एप्रिल-मेमध्ये छाटलेल्या बोरीला याच सुमारास कोवळी फूट असते. तिची चाळण झालेली सकाळी दिसते, चोर मात्र दिसत नाही.

हा भुंगेरा म्हणजेच माळावरील हुमणीचे प्रौढ रूप होय. शास्त्रज्ञ त्यास होलोट्रॅकिया सेराटा म्हणतात. बोरीची हानी त्या मानाने थोडी. खरा घात पुढेच आहे. मादी जमिनीत सुमारे १० सेंटिमीटर खोलीवर मटकीएवढी पांढरी अंडी घालते. एका मादीची अंडी ६० पर्यंत भरतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांतून अळ्या निघतात. प्रारंभी त्या कुजके सेंद्रिय पदार्थ खातात, नंतर ऊस, भुईमूग, ज्वारी यांच्या मुळांकडे वळतात. अर्धगोल वळलेली, पांढरट, पिवळसर डोक्याची ही अळी पाच ते सात महिने जगते व या काळात दोनदा कात टाकते. तिसऱ्या अवस्थेतील अळी सर्वांत खादाड. उसाचे बेट पिवळे पडून हाताने सहज उपटले जाते ते तिच्यामुळे. पुढे ती खोल जाऊन मातीच्या घरात कोष करते. तीन ते सहा आठवड्यांनी भुंगेरा तयार होतो; पण तो पुढच्या पावसापर्यंत तेथेच निपचित राहतो. वर्षास एकच पिढी, ही आपल्या पथ्यावर पडणारी गोष्ट आहे.

हुमणीची ओरड बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होते. त्या वेळी अळी मुळाशी असते आणि उपाय महाग झालेला असतो. पूर्वी बीएचसी भुकटीवर सारी भिस्त असे. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. आता मेटारायझियम ही उपकारक बुरशी शेणखतातून देता येते, तिचा लाभही होतो. तथापि अंडी घालण्यापूर्वीच भुंगेरे वेचणे यासारखा स्वस्त उपाय नाही. रात्री आठच्या सुमारास फांद्या काठीने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. प्रकाश सापळेही लावावेत.

हे काम एकट्याचे नव्हे. बोर एकाच्या बांधावर, अळी दुसऱ्याच्या उसात, अशी स्थिती असते. म्हणून ग्रामपंचायतीने गावातील बोरी, बाभळी व कडुनिंब मोजून वाडीवार वाटून द्यावेत. पहिला वळीव मेअखेरीस पडल्यास शाळांना सुटी असते. तेव्हा केवळ विद्यार्थ्यांवर विसंबून न राहता माणसे आधीच नेमून ठेवावीत.