आठवण विचारताना उत्तर पुरवू नका

गावातल्या वयोवृद्धांच्या आठवणी रेकॉर्ड करायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगेन. सांगणाऱ्याच्या विसराळूपणाने होतं त्याहून जास्त नुकसान आपल्या प्रश्नांनी होतं. ही चूक माझ्याही हातून वारंवार झाली आहे, म्हणूनच हे कळकळीने लिहितो आहे. १९७२चा दुष्काळ घ्या. ‘तेव्हा फार हाल झाले असतील ना?’ असं विचारलं की ‘हो बाबा, लई हाल’ एवढंच हाती लागतं. ते उत्तर आपलंच असतं, आवाज तेवढा आजींचा. त्याऐवजी ‘दुष्काळी कामावर खडी फोडायला घरातून कधी निघायचात? तान्हं मूल कुठे ठेवायचात? कामावर खायला मिळालेली सुकडी तिथेच खायचात की घरी न्यायचात?’ असं विचारून पाहा. मग मुकादमाची हजेरी, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची चव, हाताला आलेले फोड, मुलांसाठी पदरात बांधून नेलेली सुकडी असं एकेक बाहेर येऊ लागतं. किती रस्ते झाले, किती पाझर तलाव खणले, किती मजूर होते, हे सरकारी कागदांत सापडेल. पदरातली सुकडी तिथे सापडणार नाही.

बाईमाणसाला काय सांगायचं आहे, हे आपण न ठरवता ऐकलं तर केवढा ठेवा मिळतो, याचा मोठा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. या ओव्या कुणा पाहुण्याच्या प्रश्नाला दिलेली उत्तरं नव्हेत. पहाटे दळताना बाया आपल्या मनचं गात आल्या. माहेर, सासुरवास, लेक, भाऊ, पंढरी आणि बाबासाहेबही त्यात आले. शिवाय गाणारीचं नाव आणि गाव ओवीसोबत नोंदवलं गेलं, म्हणून तो नुसता शब्दांचा ढीग न राहता माणसांचा दस्तऐवज झाला.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे म्हाताऱ्या माणसांना सालं आठवत नाहीत, मग त्यांच्या बोलण्यावर इतिहास कसा उभा करायचा? सालं चुकतात, हे खरंच आहे. गॅझेट, वर्तमानपत्रं, जन्ममृत्यूच्या नोंदी यांच्याशी ताडून पाहायलाच हवं. पण चूकही बोलते. इटलीतल्या तेर्नी शहरात लुइजी त्रास्तुली हा पोलाद कामगार मार्च १९४९मध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. अनेक कामगारांनी मात्र हा मृत्यू १९५३च्या कामगारकपातीच्या लढ्यातला म्हणून सांगितला. अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी ही चूक खोडून टाकली नाही. शहराला खरी जखम कुठे झाली, हे त्यांनी त्या चुकीतूनच दाखवून दिलं. मुलाखत घेणाऱ्याने तिथल्या तिथे ‘अहो, एकोणपन्नास साल!’ असं दुरुस्त केलं असतं, तर ते कायमचं हरवलं असतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मोकळं सोडलं तर माणसं भरकटतात, तासभर नुसती नातीगोती सांगत बसतात. म्हणूनच तयारी लागते. त्या काळाची माहिती वाचून जा, पण ती बोलून दाखवू नका. मत विचारू नका, वस्तू आणि कामं विचारा. ‘आईला काही आठवत नाही, मी सांगतो’ म्हणणाऱ्या मुलाला नम्रपणे सांगा की त्याच्याशी वेगळं बसू. आजी थांबल्या तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, कारण पुष्कळदा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते. हे रेकॉर्डिंग कोण ऐकणार, हे आधी सांगून संमती घ्या. ‘एवढं बंद कर’ म्हटलं की बंद करा. सुरुवातीलाच नाव, गाव आणि तारीख मोठ्याने बोला. दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि एक प्रत त्या घरात द्या.

आणि त्याच रात्री रेकॉर्डिंग ऐकायला बसा. आजींनी काय सांगितलं ते नंतर पाहू. आधी आपला आवाज त्यांच्या बोलण्याला किती वेळा आडवा आला, ते मोजा. पुढच्या मुलाखतीत तो आकडा कमी झाला पाहिजे.