गुपित ठाऊक असलेला जुगारी

१८६३ साली रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेवस्की जर्मनीतल्या वीसबाडेनला रुलेट खेळला आणि चक्क जिंकला. जिंकण्याचं गुपित आपल्याला सापडलंय, असं त्याने पत्रात लिहूनही टाकलं: दर क्षणाला स्वतःला आवरायचं, तापायचं नाही, बस्स! थोड्याच दिवसांत बाडेन-बाडेनला तो हरला आणि घरी पाठवलेल्या पैशांतलेच काही परत मागवायची वेळ आली. १८६५ मध्ये हॉटेलवाल्याने त्याचं जेवण बंद केलं. पुढे बायको आन्नाचे दागिने, कपडेही गहाणात गेले. रुलेट सुटलं ते १८७१ मध्ये.

गुपित खोटं नव्हतं. फक्त ते खेळ सुरू असताना पाळता येत नाही.

त्यात गणितही विरुद्ध. युरोपीय रुलेटमध्ये घरं ३७ आणि एका आकड्यावर नफा मिळतो ३५ पट. म्हणजे लावलेल्या दर १०० रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे गेलेच. किरकोळ वाटतं, पण ही कापणी खिशातल्या रकमेवर होत नाही. फिरवलेल्या एकूण रकमेवर होते. शंभराचे ४० डाव म्हणजे सरासरी १०८ रुपये तोटा. मोबाइलवर तासात ६०० डाव सहज होतात आणि तोच तोटा १,६२० वर जातो. वेग हाच खरा धंदा! ब्रिटनने ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉट मशीनच्या दोन डावांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, ते उगाच नाही.

म्हणून नवख्याने मनोनिग्रहाच्या बाता सोडून कुलूप आधीच लावून ठेवावं. ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांना ती सोय आहे. जुगाराच्या परवानाधारक साइटवर पैसे भरण्याची मर्यादा घालता येते. ती वाढवायची तर किमान २४ तास थांबावं लागतं. ‘गॅमस्टॉप’वर नाव नोंदवलं की सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं सगळ्या परवानाधारक साइट बंद, मुदतीआधी माघार नाही. क्रेडिट कार्डावर जुगार तिथे एप्रिल २०२० पासून बंद आहे. उसन्या पैशांना हात लावायचा नाही, हा नियम इतर कुठेही स्वतःपुरता करता येतो. लॉस कव्हर करायला बसायचं नाही, हाही.

आणि बोनस? हजाराचा बोनस ‘तीसपट खेळा’ या अटीवर मिळाला, की ३०,००० फिरवावे लागतात. शंभरातले सरासरी ९६ परत देणाऱ्या स्लॉटवर त्यातले १,२०० जातात. फुकटच्या हजारासाठी!

भारतात मात्र ऑनलाइन खेळावं कसं, हा प्रश्नच उरलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदीचा कायदा केला; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. तरीही कुणी परदेशी ॲपची लिंक पाठवली, तर एवढंच विचारावं: जिंकलेले पैसे अडकवले तर तक्रार कुणाकडे करायची? आधीच अडकलेल्यांसाठी सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं.