तीन महिने उभी गाडी, बॅटरी बसली

प्रश्न : दिवाळीनंतर कामासाठी पुण्यात होतो, मोटारसायकल शेडमध्ये उभी. आता बटण दाबलं की नुसतं टकटक होतं. बॅटरी बदलावीच लागेल का?
– एक वाचक, भवानीनगर (ता. इंदापूर)

उत्तर : लगेच नको. आपल्याकडच्या थंडीने बॅटरी मरत नाही. गाडी उभी राहिली की ती हळूहळू उतरते, आणि उतरलेलीच पडून राहिली तर शिशाच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. खरं नुकसान ते. आधी निगेटिव्ह वायर सोडून बॅटरी काढा. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरणाऱ्या दुकानात देणार असाल तर करंट कमी ठेवायला बजावून सांगा : 5 अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, दहा-बारा तास. घाईत भरलेली छोटी बॅटरी तापते, फुगते. पाण्याची असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं क्षारयुक्त पाणी कदापि नको. सील्ड असेल तर झाकणाला हातही लावू नका.

चार्जिंगनंतर रात्रभर तशीच ठेवा, सकाळी मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या वर असेल तर खुशाल वापरा. 12 च्या खाली घसरली असेल तर नवीच घ्या. पुन्हा महिनाभर बाहेर जाणार असाल, तर निघण्याआधी निगेटिव्ह वायर तेवढी आठवणीने सोडून ठेवा.