आधी माणसं, मग फॉर्म

सर्वेक्षणांचा डेटा साफ करून देणं हे माझं काम. विद्यार्थी येतात तेव्हा फॉर्म भरून झालेले असतात, थिसिसची तारीख डोक्यावर असते. ‘मॅडम, प्रतिसाद भरपूर आलेत, फक्त टेस्ट लावून द्या.’

एक शीट अजून लक्षात आहे. विषय होता ग्रामीण महिला आणि ऑनलाइन आरोग्यसेवा. फॉर्मवर मोबाइल रिचार्जचं बक्षीस जाहीर केलेलं. लिंक फिरत फिरत कुठल्याशा ग्रुपवर पोचली आणि रात्री दोन-तीनच्या सुमारास ओळींमागून ओळी भरत गेल्या. सगळ्यांचं वय २५, सगळीकडे ‘पूर्णपणे सहमत’ आणि ‘तुमचे मत लिहा’ या रकान्यात एकच शब्द: ‘गुड’. त्या ओळी उडवल्यावर उरल्या त्या बहुतेक शहरातल्या पदवीधर मैत्रिणी. आता यावर कुठली टेस्ट लावणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या जेमतेम ३३.३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधी ना कधी वापरलं होतं. बाकीच्यांपर्यंत लिंक जाणारच नव्हती. प्रतिसाद वाढवूनही हे भरून निघत नाही. अमेरिकेत २०२१ च्या मे महिन्यात, फेसबुकवरून आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक भरत असलेल्या सर्वेक्षणात लसीकरणाचं प्रमाण प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के-बिंदूंनी जास्त आलं. हजारएक माणसांचा नीट निवडलेला नमुना त्याहून खरा ठरला.

म्हणून फॉर्म उघडण्याआधी आपला प्रश्न कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा.

‘किती टक्के?’ असं विचारायचं असेल तर आधी यादी हवी. उदाहरणार्थ, कॉलेजच्या सगळ्या विद्यार्थ्यांचे ईमेल. त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं काढा, प्रत्येकाला एकदाच चालणारी वेगळी लिंक पाठवा. किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं, हे मग सांगता येतं. फॉरवर्ड होणाऱ्या लिंकचा हा हिशेब कधीच लागत नाही. यादीतले लोक ऑनलाइन नसतील तर फोन करा किंवा दारात जा.

‘का?’ आणि ‘कसं?’ यासाठी व्हिडिओ कॉलवरच्या मोजक्या मुलाखती पुरतात. ग्रुपवरून माणसं मिळवली तरी हरकत नाही. फक्त निष्कर्षात टक्केवारी नको.

‘याने फरक पडतो का?’ हा प्रश्न असेल तर प्रयोग करा. इंटरनेटवर तो स्वस्तात होतो. आलेल्या माणसांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटा आणि दोन वेगळे मजकूर दाखवा. माणसं हौशी असली तरी त्यांच्यापुरती तुलना खरी राहते. मात्र एका गटातून जास्त लोक अर्ध्यात सोडून जात असतील तर सावध व्हा.

काळानुसार होणारा बदल पाहायचा असेल तर त्याच माणसांकडे पुन्हा जावं लागतं. गळती धरूनच सुरुवातीची संख्या ठरवा.

बक्षीस द्यायचंच असेल तर उघड्या लिंकवर जाहीर करू नका. उत्तराला लागलेला वेळ नोंदवा. संमती आधी घ्या आणि गरज नसेल तर फोन नंबर मागू नका. दहा जणांकडून, तेही साध्या मोबाइलवर, फॉर्म भरून घेऊन पाहा.

गाईडकडे पहिल्यांदा जाताना फॉर्म नेऊच नका. ‘कोणाबद्दल काय सांगणार, आणि ती माणसं कुठून मिळणार’ एवढं कागदावर लिहून न्या. ते लिहिता येत नसेल तर लिंक पाठवण्याची वेळ अजून आलेली नाही.